शून्य निकालांच्या नोंदी वाचताना: ग्रंथालयशास्त्रातल्या पीएच.डी.चा माझा अनुभव

ग्रंथालय आणि माहितीशास्त्रात पीएच.डी. करायचं ठरवलं, तेव्हा माझा पहिला आराखडा दोन आठवड्यांत लिहून झाला होता. विषय होता, ग्रंथालय सेवांबाबत वाचकांचं समाधान. प्रश्नावली, पाच पर्यायांची मोजपट्टी, नमुना किती जणांचा घ्यायचा हे सांगणाऱ्या, क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या तक्त्यावरून ३८४ जणांचा नमुना. आमच्या विषयातली ही मळलेली वाट. मार्गदर्शक मॅडमनी सगळं वाचलं आणि एकच विचारलं, "ज्याला पुस्तक सापडलं नाही आणि जो तसाच निघून गेला, तो तुझी प्रश्नावली कुठे भरणार?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण देवघेव काउंटरवर काम केलं असल्यामुळे तो वाचक मला चांगला ठाऊक होता. "तुमच्याकडे नाहीये ते पुस्तक," असं सांगून तो जातो आणि पुस्तक मागच्याच कपाटात असतं.

तिथून मी ओपॅकच्या, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेच्या (पुस्तकसूचीच्या) शोधनोंदींकडे वळले. या तालिकेत कोणी काय टाइप केलं आणि किती निकाल आले, हे सगळं यंत्रणेत साठलेलं असतं. त्यातले फक्त शून्य निकालांचे शोध घ्यायचे ठरवले. आधीचं संशोधन वाचताना माहितीशास्त्राच्या अभ्यासक क्रिस्टीन बोर्गमन यांच्या दोन लेखांनी मला धरून ठेवलं. ऑनलाइन तालिका वापरायला अवघड का, हा प्रश्न त्यांनी १९८६ मध्ये विचारला आणि १९९६ मध्ये, अजूनही अवघड का, असा पुन्हा विचारला. दहा वर्षांनी तोच प्रश्न परत विचारावा लागतो, याचा अर्थ इथे काम शिल्लक आहे, असं मला वाटलं.

परवानगीला चार महिने लागले आणि ते योग्यच होतं. नोंदींतून सभासद क्रमांक काढून टाकले की झालं, अशी माझी समजूत होती. पण नमुन्याची पंधरा-वीस पानं चाळताना एका बैठकीत लागोपाठ केलेले पाच शोध दिसले, सगळे एकाच आजाराबद्दल. नाव नाही, क्रमांक नाही, तरी ती फाइल बाजूला ठेवून मी काही वेळ नुसती बसले. वाचक काय शोधतो ही त्याची खासगी गोष्ट आहे. मग तारीख आणि वेळही काढून टाकायला सांगितली आणि शोधांचा क्रम विस्कटून घेतला. त्यामुळे एका वाचकाचा शोध पुढे कसा वळला, हे अभ्यासता आलं नाही. ती किंमत मोजायला मी तयार होते.

मग सुरू झालं हातानं वर्गवारी करणं. प्रत्येक शोध वाचायचा, पुस्तक संग्रहात आहे का ते पाहायचं, शोध का फसला ते लिहायचं. पहिल्या महिन्यात माझा सर्वांत मोठा रकाना होता, "वाचकाची शुद्धलेखनाची चूक".

"दऱ्याखोऱ्या" या शब्दापाशी मी अडकले. शब्द बरोबर लिहिलेला, पुस्तक संग्रहात आहे, तालिकेतल्या शीर्षकातही हुबेहूब तोच शब्द, आणि निकाल शून्य. दोन्ही शब्द एकाखाली एक ठेवले तरी काही कळेना. शेवटी एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक काढला. वाचकानं "ऱ" हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि "य" असं लिहिलं होतं. तालिकेत साधा "र", हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा एक जोडक आणि "य" होता. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. म्हणजे चूक वाचकाचीही नव्हती आणि तालिकाकाराचीही.

त्या दिवशी तो रकाना मी मोडला आणि पहिल्या नोंदीपासून पुन्हा सुरुवात केली. आता कोण चुकलं हे न विचारता धागा कुठे तुटला, ते लिहायचं: संग्रहात, पुस्तकाच्या तालिकेतल्या नोंदीत, यंत्रणेत की शब्दांत. चित्र पालटलं. आडनाव आधी की नाव आधी, ऱ्हस्व की दीर्घ, रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी नाव, यांतल्या बऱ्याच शोधांची सोय नोंदीतच करता आली असती. मार्कमध्ये, म्हणजे पुस्तकाची नोंद संगणकात करण्याच्या ठरलेल्या साच्यात, पर्यायी शीर्षकासाठी २४६ आणि दुसऱ्या लिपीतल्या रूपासाठी ८८० हे टॅग आहेतच. ते रिकामे होते. शब्दांचा रकाना सर्वांत अवघड गेला. वाचकाचा रोजच्या बोलण्यातला शब्द आणि आमचं विषयशीर्षक, म्हणजे नोंदीत विषयासाठी वापरायचा ठरावीक शब्द, यांची गाठच पडत नव्हती. लेखक, शीर्षक किंवा विषय यांपैकी एक माहीत असलेल्याला पुस्तक सापडलं पाहिजे, हे अमेरिकन ग्रंथपाल चार्ल्स कटरनं १८७६ मध्येच लिहून ठेवलंय. वर्गात ते मी पाठ केलं होतं. इथे ते पहिल्यांदा मनाला भिडलं.

एका सहकारी मैत्रिणीनं काही नोंदींची स्वतंत्रपणे वर्गवारी केली आणि आमची जुळणी कोहेनच्या कप्पानं, म्हणजे दोघांची वर्गवारी किती जुळते हे मोजणाऱ्या सांख्यिकी मापानं, तपासली. पहिल्या फेरीत ती समाधानकारक नव्हती. नियम नव्यानं लिहिले, पुन्हा बसलो. लेखन, साहित्यचौर्य तपासणी, प्रबंध सादर करणं हे पुढचं सगळं वेळखाऊ, पण सरळ होतं. नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगते, मूळ फाइलला कधीही हात लावू नका आणि वर्गवारीचा प्रत्येक नियम बदलल्याच्या तारखेसह लिहून ठेवा. मौखिक परीक्षेत सर्वांत जास्त प्रश्न त्यावरच आले.

शेवटचा प्रश्न बाह्य परीक्षकांचा होता. "शून्य निकाल आल्यावर हे वाचक काउंटरवर विचारायला आले का?" मी सांगितलं, या नोंदींतून ते कळत नाही. आता आठवड्यातून दोन दुपारी मी ओपॅकच्या संगणकाशेजारी वही घेऊन बसते, वाचकाला आधी विचारून.