आधी सोळावं वचन, मग सतरावं

संडे स्कूलमध्ये आज्ञापालनाचा धडा म्हटला की बहुतेक ठिकाणी सुरुवात होते ती मना केलेल्या झाडापासून. फळ्यावर झाड, झाडाला साप, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘देवाचं ऐका’. पण बायबलमधल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात सतराव्या वचनातल्या मनाईच्या आधी सोळावं वचन आहे: बागेतल्या हव्या त्या झाडाचं फळ खुशाल खा. आधी एवढी मोठी मोकळीक, मग एकच मनाई. तिसऱ्या अध्यायात साप नेमकी ही मोकळीक पुसतो: ‘कोणत्याही झाडाचं खाऊ नका असं देवाने खरंच सांगितलं का?’ सोळावं वचन गाळून धडा घेणारा शिक्षक नकळत सापाचंच काम सोपं करतो. शब्द कडक आहेत, पण मागे घ्यावेसे वाटत नाहीत.

म्हणून फळ्यावर आधी बाग काढा. रावेर-यावलकडची मुलं केळी, लिंबू, पेरू सांगतील. नवापूर-अक्कलकुव्याकडची महू, चारोळी, सीताफळ. वीस-पंचवीस झाडं होईपर्यंत थांबू नका. त्यानंतरच एक झाड वेगळ्या रंगाच्या खडूने काढा. त्याला सफरचंद लावू नका. पवित्र शास्त्रात त्या फळाचं नाव नाही. दहा वर्षांवरच्या मुलांना आणखी एक गोष्ट शोधायला लावा. हव्वा सापाला सांगते, ‘त्याला हातही लावू नका असं देवाने सांगितलं.’ सतराव्या वचनात ‘हात लावू नका’ आहे का? नाही. नियमात आपल्या पदरचं घातलं की नियम देणारा आहे त्यापेक्षा कठोर दिसू लागतो. घरी आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, असले जादा नियम कोणते, हे मुलं मग स्वतःच विचारतात. पाळकांना थोडी अडचण होते, होऊ द्या.

भरवसा शिकवायला निर्गमचा सोळावा अध्याय सगळ्यात चांगला, कारण तिथे आज्ञा आणि भरवसा वेगळे काढताच येत नाहीत. रानातून चाललेल्या इस्राएली लोकांसाठी देव मान्ना नावाचं अन्न पाडतो. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर मान्ना गोळा करायचा, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही, सहाव्या दिवशी मात्र दुप्पट. काहींनी ठेवला, त्यात किडे पडले, वास सुटला. ‘साठवू नका’ ही आज्ञा पाळायची तर ‘उद्या पुन्हा मिळेल’ हे मनाला पटलेलं असावं लागतं.

हा धडा आठवड्यातून एकदा भरणाऱ्या वर्गात नीट बसत नाही. मे महिन्यातल्या सुट्टीच्या बायबल शाळेत घ्या, सकाळी सात ते साडेनऊ. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. रोज प्रत्येकाला एक मूठ फुटाणे, नियम एकच: इथेच संपवायचे, खिशात न्यायचे नाहीत. शेवटच्या आदल्या दिवशी दोन मुठी, त्यातली एक घरी न्यायची. शेवटच्या दिवशी वाटप नाही. कोणीतरी खिशात लपवणारच, त्याला शिक्षा नको. लोकांचा पुढारी मोशे रागावला खरा, पण दुसऱ्या दिवशी मान्ना पडायचा थांबला नाही. खरी चूक इथे शिक्षकाकडून होते. तिसऱ्या दिवशी फुटाणे कमी पडतात, शेवटच्या चार मुलांना मिळत नाहीत, आणि ज्याने लपवले तोच शहाणा ठरतो. जेवढी मुलं येतील असं वाटतं त्यांच्या दीडपट फुटाणे आणा. पाच दिवस दिलेला शब्द पाळता येणार नसेल तर हा धडा घेऊच नका.

शमुवेलाची गोष्ट पाच ते सात वर्षांच्या मुलांना सहज कळते. रात्री देवाची तीनदा हाक, तीनदा म्हाताऱ्या एली याजकाकडे धाव, चौथ्या हाकेला ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’. १ शमुवेलचा तिसरा अध्याय दहाव्या वचनावर तोडायचा तो या लहानांपुरताच. पुढे देव जे सांगतो ते एलीच्या घराण्याविरुद्ध आहे, आणि सकाळी तेच त्या म्हाताऱ्याला सांगायची पोराला भीती वाटते. एली म्हणतो, लपवू नकोस. मोठ्या मुलांना हा भाग हवाच: आज्ञाधारक मूल थोरांना न आवडणारं खरंही बोलतं, आणि चांगला थोर ते ऐकून घेतो.

अब्राहाम आणि इसहाक, म्हणजे देव बापाकडे मुलाचा बळी मागतो ती गोष्ट, मात्र बारा वर्षांच्या आत नको. लहान मुलाला त्यातून ‘देवाने सांगितलं तर बाबा मलाही मारतील’ एवढंच ऐकू येतं. घ्याल तेव्हा आधी उत्पत्तीचा पंधरावा अध्याय, ताऱ्यांचं वचन, मग एकविसावा, इसहाकाचा जन्म, मग बाविसावा. पाचव्या वचनात अब्राहाम चाकरांना म्हणतो, आम्ही परत येऊ. आम्ही, दोघे. शेवटी मुलाच्या जागी मेंढा येतो हे ठळक सांगा आणि त्याच दिवशी यिर्मया ७:३१ वाचा, तिथे देव म्हणतो: पोरं होमात जाळायला मी कधी सांगितलं नाही, माझ्या मनातही आलं नाही. सुरी घेऊन नाटक बसवू नका.

स्वतंत्र इच्छेसाठी मत्तय २१ मधला दोन मुलग्यांचा दाखला पुरेसा आहे. एक ‘नाही’ म्हणतो आणि नंतर द्राक्षमळ्यात जातो. दुसरा ‘जातो’ म्हणतो आणि जात नाही. तीन मुलांकडून करून घ्या, पण मधला वेळ रिकामा ठेवा. ‘नाही’ म्हणणाऱ्याला पूर्ण एक मिनिट एकटं उभं करा. बापाने त्या वेळात काठी उचलली असती तर मुलाचं मन बदललं असतं की फक्त पाय हलले असते, हे विचारा. वर्गातही निवड खरी द्या: सतरंजी घडी करणार की चपला रांगेत लावणार? ‘काहीच नको’ म्हटलं तर तेही चालवून घ्या, नाहीतर विचारू नका.

‘देवाला माहीत होतं तर झाड लावलंच कशाला?’ हा प्रश्न येणारच. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. जिलेबी आणि शेव पुढे ठेवली तर पोरगं कशाला हात घालेल हे आईला ठाऊक असतं, पण हात तिने हलवलेला नसतो. (आईचा तो अंदाज, देवाचं ज्ञान अंदाज नाही, उपमा इथपर्यंतच.) झाड का लावलं, हे उत्पत्ती सांगत नाही. ‘जबरदस्तीचं प्रेम ते प्रेम नव्हे’ हे उत्तर चांगलं आहे, पण ते माणसांनी काढलेलं आहे, देवाच्या तोंडी घालू नका. उत्पत्ती काय सांगते? फळ खाल्ल्यावर देव त्यांना शोधत आला, ‘तू कोठे आहेस?’ आणि बाहेर काढण्याआधी त्यांना चामड्याचे कपडे केले. इच्छा किती स्वतंत्र, यावर इरॅस्मस हा विद्वान आणि धर्मसुधारक ल्यूथर यांचा १५२४-२५ मध्ये जाहीर वाद झाला आणि मंडळ्यांची मतं आजही वेगळी आहेत. दुसऱ्या मंडळीचं पुस्तक वापरत असाल तर आज्ञांचे क्रमांकही तपासा: ‘आपल्या बापाचा व आईचा मान राख’ ही कॅथलिक आणि लूथरनांकडे चौथी, इतर बहुतेक प्रॉटेस्टंटांकडे पाचवी.

इफिसकरांस पत्रातलं ६:१, मुलांनी प्रभूमध्ये आईबापांच्या आज्ञेत राहावं हे वचन, पाठ करून घेताना ‘प्रभूमध्ये’ हा शब्द गिळला जातो आणि ६:४, ‘मुलांना चिरडीस आणू नका’, पालकांपर्यंत पोचतच नाही. दोन्ही वचनं एकाच कागदावर घरी पाठवा. त्यानंतरच्या रविवारी शिप्रा आणि पुवा, मुलगे मारून टाका ही मिसरच्या राजाची, फारोची, आज्ञा मोडणाऱ्या सुइणी, निर्गम अध्याय एक. त्यावरूनच मुलांना सांगा: कोणी मोठा माणूस, अगदी मंडळीतलासुद्धा, अंगाला नको तसा हात लावत असेल किंवा ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणत असेल तर ऐकायचं नाही, ओरडायचं, सांगायचं. १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठा लिहा. आणि मुलाने सांगितलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मंडळीत बसून मिटवता येत नाही.

आजारपण हे न ऐकल्याची शिक्षा आहे, असं चुकूनही सुचवू नका. नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेली मुलं वर्गात असतात, दुखणं उठलं की आठवडाभर येत नाहीत. त्यांच्यासाठी योहान ९:३ तयार ठेवा, तिथे येशू जन्मांध माणसाबद्दल म्हणतो: याने पाप केलं नाही, याच्या आईबापानेही नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या घरांतली मुलं कित्येक महिने दिसत नाहीत, तेव्हा प्रत्येक धडा त्याच दिवशी पूर्ण होईल असा बेता. ‘येशूला हृदयात घेणाऱ्यांनी हात वर करा’ हे सगळ्यांसमोर नकोच. चाळीसातले चाळीस हात वर होतात, कारण शेजारचा वर झालेला असतो. त्याऐवजी वर्ग सुटल्यावर शिक्षकाने वीस मिनिटं बसून राहावं, ज्याला बोलायचं तो येईल. कोणी आलं नाही तर हजेरीत, खाऊत आणि नाताळच्या नाटकातल्या भूमिकेत काहीही फरक पडता कामा नये.