पाटा वाढवून गाडी बसत नाही : पनवेलजवळच्या कळंबोलीतल्या आमच्या शेडची वाटचाल

पिकअप हायवेला डुलते अशी तक्रार घेऊन गाडी आली की आमच्याकडे पाट्याला, म्हणजे गाडीचं वजन उचलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीला, लगेच हात लागत नाही. आधी टायरची हवा, मग शॉकअप (शॉक अॅब्सॉर्बर), मग बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, आणि पाटा सगळ्यात शेवटी. हा क्रम आम्ही शेडच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतला आहे. याच क्रमापायी आमचा धंदा बुडायला आला होता आणि याच क्रमाने तो वर आला, म्हणून आज हे लिहायला घेतलं.

स्टील मार्केट जवळ, ट्रक टर्मिनल जवळ, पाट्याची पट्टी हवी तेव्हा हातगाडीवर येते, म्हणून जागा कळंबोलीत घेतली. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे 2002 मध्ये पूर्ण सुरू झाला, त्यानंतर काही वर्षांनी आम्ही उभे राहिलो. तोवर पिकअप म्हणजे जुन्या रस्त्याने खड्ड्यांतून पन्नासच्या आत चालणारी गाडी. तिला डुलायला वेगच मिळत नसे. एक्सप्रेसवेने तिला ऐंशीचा वेग दिला आणि ही नवी तक्रार जन्माला आली. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. पुलाच्या दोन्ही तोंडांशी भराव थोडा खचलेला असतो, रस्ता लांबलचक लाटेसारखा होतो. अशी वीस-बावीस मीटरची लाट ऐंशीच्या वेगाला सेकंदाला साधारण एक हेलकावा देते, आणि पाट्यावर बसलेल्या बॉडीची स्वतःची चालही जवळपास तेवढीच असते. दोन्हींचा ताल जुळला की गाडी एकदा वर जाते, खाली येते, पुन्हा वर जाते, आणि ड्रायव्हरला वाटतं स्टिअरिंग हातातून सुटतंय.

त्या काळात या तक्रारीवर अख्ख्या लाइनीत एकच औषध होतं : एक पाटा वाढवा. मला ते कधीच पटलं नाही. पाटा वजन उचलतो, उसळी मारतो. ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. पाटा कडक केला की उसळीचा जोर वाढतो आणि तोच जुना शॉकअप तिला आणखी अपुरा पडतो. बैल दांडगा घेतला आणि कासरा तोच कुजका ठेवला, तर काय होणार?

माझे पहिले भागीदार म्हणजे आमचे चाचा. भट्टी त्यांची, हिशेब आणि गिऱ्हाईक माझं. चाचांच्या घणाचा दांडा हाताच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला, आणि तो घण दुसऱ्या कुणी उचलला तर ते काम थांबवून उभे राहायचे. एसयूपी 9 ची, म्हणजे पाट्याच्या पोलादाची, पट्टी भट्टीत टाकली की एका काठीला बांधलेलं लोहचुंबक तिच्याजवळ न्यायचे. तापलेलं पोलाद चुंबकाला धरेनासं झालं की आणखी थोडी आच द्यायची, नारिंगी रंग आला की तेलात विझवायची. पुस्तकात तो आकडा 850 अंशांच्या आसपास दिलेला आहे. चाचांनी पुस्तक उघडलं नव्हतं, पण त्यांच्या हातचा पाटा कडक होऊन तडकलेला मी पाहिला नाही. पाट्याच्या बाकासाठी त्यांनी प्लायवूडचे साचे कापून ठेवले होते, प्रत्येकावर खडूने गाडीचं नाव. ते साचे अजून वापरात आहेत. पुढे शेडमध्ये मशिन आलं तरी साचे आम्ही फेकले नाहीत.

आता आमच्या आबांबद्दल. आबा पाचगणीजवळच्या भिलारचे, स्ट्रॉबेरीवाले. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत त्यांची पिकअप वाशी मार्केटला माल आणते. पहिल्यांदा आले तेव्हा गाडीतून उतरायच्या आधीच बोलायला लागले.

"मिस्त्री, वरच्या खोक्यातला माल ठणठणीत, अन् खालचा मऊ. गाडी कुठं आदळत न्हाई, तरी असं का व्हतंय?"

आदल्या सीझनला त्यांनी वाटेत कुठेतरी एक पाटा वाढवून घेतला होता. त्यामुळे काँक्रीटच्या सांध्यासांध्याला गाडी कडकडायची, आणि पुलाजवळ आली की डुलायची ती डुलायचीच. स्ट्रॉबेरीने हौदा गच्च भरतो, पण वजन गाडीच्या क्षमतेच्या निम्मंही होत नाही. अशा हलक्या गाडीला जास्तीचा पाटा म्हणजे शिक्षा. मी त्यांना हात लावून दाखवलं. मागच्या डाव्या शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलसर धुळकट थर, म्हणजे सील गेलेलं. उजवा कोरडा होता, पण खोलून हाताने खेचला तर मधल्या वाटेत एकदम ढिला पडायचा. शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक टांगणाऱ्या कडीचे, बुश चेपून लंबगोल झालेले. पुढच्या टायरात हवा कमी.

वाढवलेला पाटा आम्ही काढला. बुश बदलले. चारही शॉकअप गॅसचे टाकले, वर येतानाचा जोर जास्त धरणारे. आणि दांड्यावर एक रबराची कडी चढवून दिली. गाडी फिरून आली की कडी कुठवर सरकली त्यावरून शॉकअप किती दबला ते कळतं. आबांना ती कडी फार आवडली. वाशीत माल उतरवला की आधी वाकून कडी बघायचे आणि मग मला फोन करायचे. त्या सीझनचा पहिला फेरा झाल्यावर स्ट्रॉबेरीचं एक पनेट, म्हणजे छोटी डबी, घेऊन आले, खालच्या थरातलं. ते टेबलावर ठेवलं, बोलले काहीच नाहीत. त्यानंतर आबांची गाडी दुसऱ्या कुणी कधी खोलली नाही.

गॅसचा शॉकअप का, हे लोक अजून विचारतात. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकमेकांना लागूनच असतात, मध्ये पडदा नसतो. लांबच्या पल्ल्यात तेल तापतं, हवेशी घुसळून फेसाळतं, आणि फेसातून पिस्टन विनाअडथळा जातो. म्हणून गाडी पनवेलला ठीक आणि खालापूर ओलांडल्यावर डुलते. नायट्रोजनचा दाब दिला की फेस कमी होतो. तेल आणि गॅस वेगळे ठेवणारी एकनळीची रचना फ्रान्समधल्या द कार्बोन यांची, आणि बिलस्टाइनने ती 1957 मध्ये मर्सिडीजच्या गाड्यांना दिली. म्हणजे नवीन काहीच नाही. पण ट्रान्सपोर्टवाला शॉकअपला खर्च म्हणतो आणि पाट्याला दुरुस्ती म्हणतो, तिथेच घोडं अडतं.

मधली वर्षं बरी गेली. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

मग आमच्याच भट्टीवर काम शिकलेला एक मुलगा बाहेर पडला आणि मागच्याच गल्लीत त्याने दुकान टाकलं. दुकान टाकण्याबद्दल माझी तक्रार नाही, प्रत्येकाला पोट आहे. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. पार्सलचा एक मोठा कंत्राटदार तेव्हा आमच्याकडे होता, त्याच्या सगळ्या पिकअप आम्ही बघायचो. या मुलाने त्याला जाऊन सांगितलं, शॉकअप, बुश हे सगळं बिल वाढवायचे धंदे आहेत, पाटा टाका, दीड तासात गाडी बाहेर. वर हेही सांगितलं की आमचे शॉकअप जुने, तेल बदलून रंगवलेले असतात. हे तोंडावर ऐकून घेणं मला फार जड गेलं. आम्ही प्रत्येक शॉकअप खोक्यातून गिऱ्हाईकासमोर काढतो, आणि जुना त्याच्याच गाडीत टाकून देतो. त्या मुलाने हे सगळं स्वतःच्या हाताने केलेलं होतं.

कंत्राटदार गेला आणि त्याच्याबरोबर आमची उधारीही गेली. त्याच सुमाराला मी पिंपरीच्या बंद पडलेल्या एका युनिटच्या लिलावातून शॉकअप तपासायचं मशिन आणलं होतं, पतपेढीच्या कर्जावर. हप्ता सुरू आणि शेडमध्ये गाडी नाही. कोळसा आणायला पैसे नसल्यामुळे भट्टी थंड. भाडं थकलं तसा जागामालकाने वीज तोडायची भाषा केली. मी मशिन विकायला काढलं तर चाचा आडवे आले. "बेटा, ये बिकेगा तो वो लौंडा सच हो जाएगा." पगार न घेता ते रोज यायचे, साचे पुसायचे, बसायचे. भागीदार असा असावा.

ते मशिन शॉकअपला वरखाली हलवतं आणि कागदावर एक वळसा काढतं. चांगल्या शॉकअपचा वळसा भरलेला, गोलसर असतो. फेसाळणाऱ्याचा मात्र दिशा बदलतो तिथे खचतो, कुणी चावा घेतल्यासारखा. गिऱ्हाईकाला इंजिनिअरिंग समजावं लागत नाही. दोन कागद शेजारी ठेवले की पुरतं. मी आबांना त्यांच्या जुन्या शॉकअपचा कागद दिला. आबांनी तो खिशात घातला आणि भिलार, वाई, पाचगणीकडच्या माणसांना दाखवत फिरले. पुढच्या सीझनच्या आधी ते आपल्याबरोबर आणखी बागायतदारांना घेऊन आले, सगळ्यांनी आगाऊ पैसे दिले. त्या पैशांत कोळसा आला, भाडं फिटलं.

कंत्राटदाराच्या गाड्यांचं पुढे काय झालं ते त्याच्या ड्रायव्हरांनीच सांगितलं. वाढवलेल्या पाट्यांना जुनेच यू-बोल्ट, म्हणजे पाटे धुरीला आवळणारे बोल्ट, कसलेले, तेही अंदाजाने. थप्पी जाड झाली, बोल्ट सैल पडले, आणि मेन पाटे सेंटर बोल्टच्या, म्हणजे सगळ्या पट्ट्या मधोमध ओवणाऱ्या बोल्टच्या, भोकातून तुटायला लागले. पाटा तिथेच तुटला तर समजा यू-बोल्ट ढिला होता. ड्रायव्हर हळूहळू आपल्या आपण आमच्याकडे वळले, कंत्राटदार मात्र कधी आला नाही. त्याच्याकडची बाकी माझ्या वहीत आजही उभी आहे आणि मी ती खोडणार नाही.

यावर काही सांगतो, ऐका. यू-बोल्ट टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच, आवळा आणि पाचशे ते हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळून घ्या. रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर असताना कायमचा कसू नका. चाकं जमिनीवर, वजन पाट्यावर, मग शेवटची आवळणी, नाहीतर बुश पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. पाट्यांना जळकं इंजिन ऑइल फासायची खोड सोडा. पाट्यापाट्यातलं घर्षणही थोडी उसळी जिरवत असतं, तेल लावून तुम्ही तेच घालवता आणि बुशचं रबर फुगवता. शॉकअप जोडीनेच बदला. बोनेट दाबून गाडी एकदाच उसळली म्हणून शॉकअप चांगला, असं पाट्याच्या गाडीत समजू नका. उभ्या गाडीत पाट्याचं घर्षणच तिला थांबवतं, ऐंशीच्या वेगाला ते पुरत नाही. आणि जड माल मागच्या धुरीच्या मागे लादू नका. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं, आणि दोष आमच्या माथी येतो.

अलीकडे वेगळं गिऱ्हाईकही येतं. इसुझूची व्ही-क्रॉस 2016 मध्ये आली, टोयोटाची हायलक्स 2022 मध्ये. खारघर, नेरूळ, ठाण्याच्या घोडबंदर रोडकडची मंडळी शनिवार-रविवारी या गाड्या घेऊन बाहेर पडतात. त्यांना गाडी दोन इंच उंच हवी असते आणि हायवेला चिकटूनही चालायला हवी असते. उंच केली की पुढच्या चाकाचा कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगला सरळ ठेवणारा मागे झुकलेला कोन, कमी होतो, सरळ रस्त्यावर गाडी भरकटते. आम्ही उंची वाढवत नाही. कंपनीच्या मूळ रचनेबाहेर गाडी बदलता येणार नाही हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या गाड्यांचेही आम्ही शॉकअप, बुश आणि अलाइनमेंट बघतो, आणि निम्म्यांचं समाधान टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे केल्यावरच होतं. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची.

मागच्या गल्लीतल्या दुकानाच्या बोर्डावर आता "शॉकअप स्पेशालिस्ट" लिहिलेलं आहे. मशिन मात्र त्याच्याकडे नाही.

चाचांचे गुडघे आता साथ देत नाहीत. खुर्चीवर बसून चुंबकाची काठी नव्या मुलांच्या हातात देतात आणि रंग बघायला शिकवतात. आबांची दुसरी पिकअपही आमच्याकडेच येते. कुणाला गाडी दाखवायची असेल तर दिवाळीच्या आधी आणा. डिसेंबर लागला की वाई-महाबळेश्वरकडच्या गाड्यांचा नंबर आधी लागतो, आणि तेव्हा नव्या माणसाला थांबावंच लागतं.