पाणी बदलल्याचे माशांना कळता कामा नये

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी पहिली काचेची टाकी आली, तेव्हा महिन्याच्या पहिल्या रविवारी तिला 'आंघोळ' घालण्याची पद्धत मी सुरू केली होती. मासे पातेल्यात काढायचे, सगळे पाणी मोरीत ओतायचे, खडे चाळणीत घेऊन नळाखाली चोळायचे, फिल्टरचा स्पंज पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायचा आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडायचे. टाकी दिवसभर आरशासारखी चमकत असे. अशाच एका रविवारनंतरच्या मंगळवारी सकाळी चारपैकी तीन गोल्डफिश पालथे तरंगताना दिसले. आई म्हणाली, "एवढं स्वच्छ पाणी घातलंस, मग मेले कशानं?" ते त्या स्वच्छतेनेच मेले होते, हे समजायला मला पुढचे वर्ष लागले.

रविवारी घातलेल्या पाण्याने मासे मंगळवारी का मेले, या विचारातूनच मला पहिला धागा सापडला. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. टाकीत तो साठत नाही, याचे कारण स्पंजावर आणि खड्यांवर बसलेला जिवाणूंचा बुळबुळीत थर. त्यातले काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि काही त्या नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना थोड्या प्रमाणातही घातक असतात, तर नायट्रेट बरेच साठेपर्यंत ते निभावून नेतात. नव्या टाकीत हा थर नीट बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी तो दर महिन्याला क्लोरीनच्या पाण्याने खरवडून काढत होते. अमोनिया मारक पातळीला पोहोचायला दोन दिवस पुरले. ज्याला मी घाण समजत होते, तोच टाकीचा प्राण होता.

आता आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. खडे वगळता तिच्यात साधारण पन्नास लिटर पाणी मावते. दर आठवड्याला मी त्यातले पाव, म्हणजे बारा-तेरा लिटर पाणी बदलते, आणि हे माप एका बादलीत बसते. नळीने पाणी ओढताना तिचे तोंड खड्यांत खुपसून तळाचा गाळही त्याच पाण्याबरोबर काढते. स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात दोनदा दाबला की पुरे. मासे टाकीतून बाहेर काढण्याची गरजच पडत नाही. जाळीने पाठलाग करण्यात त्यांचे जेवढे हाल होतात, तेवढे पाणी बदलण्यात होत नाहीत. बादली मात्र वेगळीच हवी. आमच्या बादलीच्या कडीला लाल चिंधी बांधलेली आहे, कारण एरवी तिच्यात कोणीतरी कपड्याची पावडर कालवेल याची मला खात्री आहे.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पिण्याच्या पाण्यात नळापर्यंत पोहोचतानाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असे आपले मानक सांगते. आपल्याला ते जाणवतही नाही, पण माशांच्या कल्ल्यांना तेवढेही भाजते. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून त्यात एअर पंपाची नळी सोडली की हे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब चालतात. त्यातले काम करणारे द्रव्य बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. पावसाळ्यात नळाला ब्लीचिंगचा वास येऊ लागला की मी दोन्ही उपाय करते.

पण सांगलीकरांची खरी अडचण क्लोरीनची नसून दोन पाण्यांची आहे. आमच्या इमारतीत सकाळी कृष्णेचे पाणी येते आणि ते संपले की वरच्या टाकीत बोअरचे पाणी चढते. नळ एकच, चव वेगळी. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजण्याच्या पेनाने पाहिले तेव्हा आमच्या बोअरचा आकडा नदीच्या पाण्याच्या कित्येक पटींनी जास्त निघाला. माशाच्या शरीरातले क्षार आणि बाहेरच्या पाण्यातले क्षार यांचा मेळ राखण्याचे काम त्याचे कल्ले आणि मूत्रपिंड अहोरात्र करत असतात. एका आठवड्याला नदीचे आणि पुढच्या आठवड्याला बोअरचे पाणी घातले, तर हा मेळ प्रत्येक वेळी नव्याने बसवावा लागतो. म्हणून पाणी कुठलेही निवडावे, पण एकच ठेवावे. डासांसाठी ज्या गप्पी माशांची पिल्ले आपण हौदात सोडतो, ते बोअरच्या जड पाण्यात आनंदाने वाढतात. निऑन टेट्राला मात्र मऊ पाणी मानवते. आपल्याकडच्या पाण्याला साजेसे मासे आणणे हे माशांना साजेसे पाणी बनवत बसण्यापेक्षा स्वस्त पडते, असे माझे मत आहे.

या बाबतीतला सर्वांत मोठा धडा मला मिरजेला आत्याच्या घरी मिळाला, आणि चूक सर्वस्वी माझी होती. तिच्या टाकीत वर्षभर पाणी बदललेलेच नव्हते; आटले की वरून थोडे घालायचे, एवढेच. मासे तरीही ठणठणीत होते. मी शहाणपणाने निम्मे पाणी काढले आणि बोअरचे भरले. क्लोरीनचा प्रश्नच नव्हता. तरीही तासाभरात मासे वर येऊन तोंडे वासू लागले. पुढे वाचून उलगडा झाला: जिवाणूंच्या कामातून आम्ल तयार होते, त्यामुळे न बदललेल्या पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) हळूहळू उतरत जातो, जिवाणूंचे काम मंदावते आणि अमोनिया साठू लागतो. आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांशी अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी असतो. पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. म्हणजे मी निम्मा अमोनिया काढून टाकला खरा, पण बोअरच्या पाण्याने पीएच वर चढवून उरलेल्याचे विष एका झटक्यात कित्येक पटींनी वाढवले. अशी जुनी टाकी हाती आली तर रोज एक-दोन तांबे पाणी बदलत दोन-तीन आठवड्यांत ती ताळ्यावर आणावी.

तापमानाबद्दल थोडक्यात सांगते. एप्रिलमध्ये दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते, आणि डिसेंबरच्या पहाटे तेच पाणी बोचते. गारठलेल्या माशांवर चार-पाच दिवसांत मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके उठतात. टाकीशेजारी रात्रभर ठेवलेली बादली हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला आई हौदात तुरटी फिरवते. त्या पाण्याला मी हात लावत नाही. तुरटीमुळे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद कमी होते, आणि आम्लधर्मी पाण्यात ॲल्युमिनियम कल्ल्यांना बाधते. गढूळ पाणी बादलीत दोन दिवस स्थिर ठेवून वरचे निवळलेले घेतलेले बरे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी आमच्या गल्लीपर्यंत आले नाही, पण नळ आणि वीज दोन्ही बंद होते. पिण्याच्या पाण्याचीच मारामार असताना माशांची गोष्ट काढायला संकोच वाटे. त्या दिवसांत मी पाणी अजिबात बदलले नाही, माशांचे खाणे बंद केले आणि फिल्टर उघडून स्पंज टाकीतच मोकळा सोडला, कारण बंद डब्यात हवेवाचून जिवाणू काही तासांत मरू लागतात. जाता-येता घरातले जो कोणी टाकीजवळून जाई, तो तांब्याभर पाणी टाकीतून उचलून वीतभर उंचीवरून पुन्हा त्यातच धार धरून सोडी. हवा मिसळायला तेवढे पुरते. वीज आली तेव्हा फिल्टरच्या डब्यातले कुजलेले पाणी आधी फेकून मगच तो सुरू केला. टँकरचे पाणी मिळू लागल्यावर त्याला क्लोरीनचा उग्र वास होता, म्हणून ते दोन दिवस उघडे ठेवले आणि पहिल्या वेळी टाकीत फक्त दोन तांबे घातले. मासे सगळे वाचले. पूर ओसरल्यावर त्यांना पहिला घास आईने घातला.