तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रिप्ट गप्प का बसते?

“ताई, स्क्रिप्ट चालतच नाहीये. काय करू?”

थोड्या थोड्या दिवसांनी असा निरोप येतोच. विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच अंध, स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करणारे. कुणी ऑटोहॉटकीत (की दाबली की ठरवलेली कामं करून देणारा विंडोजवरचा प्रोग्राम) चार ओळींची स्क्रिप्ट लिहून एका कीवर रोजचं फोल्डर उघडायची सोय केलेली असते, कुणाला मित्राने व्हॉट्सॲपवर फाइल धाडलेली असते, आणि हल्ली पुष्कळांना चॅटबॉटने लिहून दिलेली असते. मी शिकलेली प्रोग्रामर नाही. रोजची कटकट कमी व्हावी म्हणून याच्या नादी लागले, एवढंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. उदाहरणं विंडोज, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर आणि ऑटोहॉटकीची, कारण बहुतेकांकडे तेच असतं.

आधी “चालत नाही” म्हणजे नेमकं काय ते ठरवा. डोळस माणसाला स्क्रिप्ट सुरू असली की खालच्या कोपऱ्यात हिरवा एच दिसतो, खिडक्या उघडताना-मिटताना दिसतात. आपल्याला काय मिळतं? शांतता. स्क्रिप्ट सुरूच झाली नाही तरी शांतता, मुकाट्याने काम करत असली तरी शांतता, मध्येच मान टाकली तरी शांतताच. म्हणून दुरुस्तीच्या आधी तिला वाचा फोडायची. हॉटकीखालच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या कीच्या खालच्या, पहिल्याच ओळीला साउंडबीप 400 (बीप वाजवायची आज्ञा) लिहा आणि शेवटच्या ओळीला साउंडबीप 800. आता की दाबा. जाड आवाज आला, बारीक आला नाही, तर घोटाळा या दोन ओळींच्या मध्ये आहे. बारीक बीप निम्म्यावर आणा, परत ऐका. दोन्ही आवाज आले आणि काम मात्र झालं नाही, तर स्क्रिप्ट शेवटपर्यंत गेली, पण भलत्याच खिडकीत काम करून आली. आणि एकही आवाज आला नाही, तर आतल्या ओळींना हातच लावू नका. दोष बाहेर आहे.

तयार स्क्रिप्टांमध्ये “झालं” हे सांगायला टूलटिप, म्हणजे क्षणभर दिसणारी छोटी चौकट, वापरलेली असते. एनव्हीडीएमध्ये टूलटिप वाचण्याची सेटिंग मुळात बंद असते, म्हणजे ती बिचारी सांगत असते आणि आपल्याला पत्ता नाही. मेसेज बॉक्स वाचला जातो, पण तो फोकस (दाबलेली की जिथे जाते ती जागा) स्वतःकडे ओढतो आणि जे तपासायचं तेच बदलून जातं. एनव्हीडीएच्या कंट्रोलर क्लायंटची डीएलएल (इतर प्रोग्रामना वापरता येणारी फाइल) जोडली तर स्क्रिप्ट थेट एनव्हीडीएच्या आवाजात बोलू शकते. मात्र ऑटोहॉटकी 64 बिट असेल तर डीएलएलही 64 बिटच हवी, नाहीतर पुन्हा मौनव्रत.

बाहेरचे दोष म्हणाल तर ठरलेले. विंडोज एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाचा टिंबानंतरचा भाग) लपवते, त्यामुळे नोटपॅडने सेव्ह करताना शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटवलं तरी ऐकू येत नाही. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग चालू करून टाका, कायमची. दुसरं, ऑटोहॉटकीची 2.0 आवृत्ती डिसेंबर 2022 मध्ये आली आणि लिहिण्याची पद्धत बदलली. ग्रुपवर फिरणाऱ्या निम्म्याअधिक फाइली जुन्या पद्धतीच्या आहेत. त्या नव्यावर चालवल्या की एरर येते. ती एस्केपने घालवू नका, एनव्हीडीए की (नेहमीची इन्सर्ट) आणि बी दाबून पूर्ण ऐका, त्यात ओळीचा क्रमांक असतो. तिसरं, ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रामला साधी स्क्रिप्ट की पाठवू शकत नाही. विंडोजच अडवते.

आणि चौथं, कीची भांडणं. नोट्सची स्क्रिप्ट, म्हणून एन, म्हणून कंट्रोल-ऑल्ट-एन! हे इतक्या जणांनी केलंय. एनव्हीडीए सुरू करायचा शॉर्टकट हाच, हे लक्षात येत नाही; ऑटोहॉटकी तो निमूट स्वतःकडे घेते आणि नोट्स झकास चालतात, म्हणून कुणाला काही वाटत नाही. एनव्हीडीए एखाद्या दिवशी बंद पडतं, तेव्हा हीच की दाबली की नोट्स उघडतात, तेही न बोलता. नवी हॉटकी ठरवण्याआधी एनव्हीडीए की आणि 1 दाबून इनपुट हेल्प चालू करा आणि ती की दाबून बघा. एनव्हीडीएने तिचं काम सांगितलं, तर ती राखीव आहे. कंट्रोल-ऑल्ट-एन मात्र विंडोजचा शॉर्टकट असल्यामुळे इथेही कळत नाही, तो पाठच ठेवा.

आता सगळ्यात मजेचा प्रकार. सांगलीच्या एका मुलाने वेबवरच्या फॉर्ममध्ये गावाचं नाव आपोआप भरायची स्क्रिप्ट केली होती. इंग्रजीत ‘ठाणे’ टाइप करायचं, बस. प्रत्यक्षात काय होई? पान ब्राउझ मोडमध्ये, म्हणजे नुसतं वाचायच्या अवस्थेत, त्यामुळे एनव्हीडीए एकेक अक्षर हुकूम म्हणून घेई: टीला टेबल, एचला हेडिंग, एला टिपण्या, एनला लिंकबाहेरचा मजकूर, ईला एडिट फील्ड. चौकट कोरीच आणि कर्सर पानभर फिरून आलेला. फोकस मोडमध्ये, म्हणजे टाइप करायच्या अवस्थेत, गेल्याशिवाय अक्षरं पाठवू नयेत, एवढाच उपाय.

याच्या उलटही होतं. ब्राउझ मोडमध्ये आपण जे सिलेक्ट करतो ते एनव्हीडीएच्या वहीत केलेलं असतं, ब्राउझरला त्याची खबर नसते. एनव्हीडीएच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये ‘इतर ॲप्लिकेशनकडून येणाऱ्या की हाताळा’ अशा अर्थाची एक खूण आहे, ती काढलेली असेल तर स्क्रिप्टने पाठवलेला कंट्रोल-सी एनव्हीडीएला वगळून सरळ ब्राउझरकडे जातो आणि क्लिपबोर्ड (कॉपी केलेलं ठेवायची जागा) रिकामा. हाताने कॉपी होतं, स्क्रिप्टने होत नाही, अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा ही खूण विचारते.

क्लिपबोर्डचं दुसरं दुखणं घाईचं. कॉपी सांगितल्यावर मजकूर यायला क्षणभर लागतो आणि स्क्रिप्ट तोवर पुढे धावलेली असते. आधी क्लिपबोर्ड रिकामा करायचा, मग कंट्रोल-सी, मग क्लिपवेट, म्हणजे मजकूर येईपर्यंत थांबायची आज्ञा. यात एक गंमत आहे: साउंडबीप स्वतःचा आवाज संपेपर्यंत पुढची ओळ अडवून धरतो. तेव्हा तपासायला बीप घातला आणि स्क्रिप्ट आपोआप बरी झाली, तर रोग घाईचाच होता असं समजा.

उरलं अक्षरांचं. व्हॉट्सॲप किंवा वर्डमधून आलेल्या कोडमध्ये सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात. ओळ वाचताना कान फसतो, कारण नेहमीच्या सेटिंगवर एनव्हीडीए बरीचशी चिन्हं वगळूनच वाचतं. कोड वाचताना एनव्हीडीए की आणि पीने विरामचिन्हांची पातळी ‘सर्व’वर न्या. तरीही संशय राहिला तर त्या चिन्हावर जाऊन नमपॅडचा 2 लागोपाठ तीनदा दाबा, अक्षराचा आकडा ऐकू येतो. सरळ अवतरण 34, वाकडी 8220 आणि 8221. ही सोय मला फार आवडते. एनव्हीडीए 2006 साली लिहायला घेणारे ऑस्ट्रेलियाचे मायकेल करन स्वतः अंध आहेत, आणि असल्या बारीक सोयी त्यात जागोजागी सापडतात.

मराठीत तर हा आकडा सोन्याच्या मोलाचा. ‘कऱ्हाड’ नावाच्या फाइली वेगळ्या काढणारी एक स्क्रिप्ट माझ्याकडे तपासायला आली होती. काही फाइली उचलायची, काही सोडायची. ऐकायला सगळ्या सारख्या, आणि शेजारच्या डोळस मुलीलाही सारख्याच दिसत होत्या. आकडे ऐकले तेव्हा उलगडा झाला: काही नावांत 2353चा नुक्त्यातला, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ होता, तर काहींत साधा 2352चा र, हलन्त आणि त्यामागे 8205चा न दिसणारा जोडणारा. कीबोर्ड वेगवेगळे, म्हणून लिखाण वेगवेगळं. तुलना करण्याआधी एक रूप दुसऱ्यात बदलून घेणारी ओळ घातली, काम झालं.

जुन्या ऑटोहॉटकीवर मराठी मजकूर असेल तर फाइल यूटीएफ-8 बीओएमसह (अक्षरं साठवायची एक पद्धत) सेव्ह करा, नाहीतर कचरा उमटतो. नव्या आवृत्तीला त्याची गरज नाही.

चॅटबॉटकडून लिहून घेत असाल तर आधीच बजावा: माउसच्या जागा नकोत, चित्र शोधणं नको, सगळं कीबोर्डने. न सांगता मागितलंत तर स्क्रीनच्या अमुक जागी क्लिक करणारी ओळ हमखास येते, आणि खिडकी जरा सरकली की तो क्लिक कुठे पडला हे आपल्याला कळायला मार्ग नाही.

“घरातल्या डोळस माणसाला का दाखवत नाही?” असंही विचारतात. दाखवा की! फक्त एरर वाचून दाखवण्याआधी ती बंद करू नको आणि माउसला हात लावू नको, असं दटावून ठेवा. माउसने कुठेतरी क्लिक केलं की फोकस हलतो आणि तपास पहिल्यापासून.

आणि मला विचारायचं झालं तर नुसतं “चालत नाही” लिहू नका. एनव्हीडीए मेनूतल्या टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर (एनव्हीडीए जे बोलतं ते लिहून दाखवणारी खिडकी) आहे, तो उघडून स्क्रिप्ट चालवा आणि त्यातल्या शेवटच्या ओळी पाठवा. सोबत मूळ फाइल, ऑटोहॉटकीची आवृत्ती आणि कुठला बीप वाजला ते. मजकूर व्हॉट्सॲपमध्ये चिकटवू नका, फाइलच जोडा. वर सांगितलेल्या अवतरणांसाठी.