शाळेची मदतनिधी दौड आणि पालकांचं काम: माझा अनुभव

माझी मुलगी तिसरीत, मुलगा सहावीत. बडोद्यातल्या त्यांच्या शाळेत जानेवारीअखेर मदतनिधी दौड असते. मैदानाभोवतीची फेरी साधारण 400 मीटरची. मूल जितक्या फेऱ्या मारेल त्या हिशोबाने ओळखीपाळखीचे लोक पैसे देतात आणि रक्कम शाळेने निवडलेल्या ट्रस्टला जाते. माझ्या मते पालकांचं खरं काम दौडीच्या आधी आणि नंतर असतं.

देणगीच्या कागदावर नुसतं ‘दर फेरीला 10 रुपये’ लिहून घेऊ नका. ‘जास्तीत जास्त 150’ असा वरचा आकडाही हवा. मूल जोमात आलं आणि 20 फेऱ्या मारून बसलं, तर देणाऱ्याची पंचाईत होत नाही. नाव, दर, वरची मर्यादा, पैसे मिळाल्याची खूण, असे चार रकाने पुरतात. सोसायटीत मुलालाच बोलू द्यावं. पैसे कशासाठी जमवतोय हे त्याला एका वाक्यात सांगता आलंच पाहिजे, नाहीतर ती नुसती वर्गणी होते.

आपल्या गावात सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं ते मांजाकडे. 14 जानेवारीला उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, होतं, पण दोरी पुढे कितीतरी दिवस झाडांवर, तारांवर, गोलच्या खांबांवर लोंबत राहते. काच लावलेला मांजा धावणाऱ्या मुलाच्या गळ्याशी किंवा डोळ्यांशी आला तर काय होईल, हे बडोदेकरांना सांगायला नको. आदल्या संध्याकाळी दोघातिघा पालकांनी पूर्ण फेरी चालून काढावी आणि सकाळी पुन्हा एकदा, कारण रात्रीच्या वाऱ्याने वरचा मांजा खाली येतो. उभं राहून पाहिलं तर तो दिसत नाही. मुलाच्या उंचीला वाकून उजेडाच्या दिशेने पाहिलं की बारीक चमक दिसते. हाताने ओढू नये, बोट कापतं. कात्रीने फांदीजवळ कापावा आणि कागदात गुंडाळून घ्यावा. नुसतं खालचं टोक तोडलं तर उरलेला मांजा सुटून पुन्हा लोंबतो. जमिनीवरचा गुंताही उचलावा, तो पायात अडकतो. विजेच्या तारेवरच्या दोरीला मात्र आपण हात लावायचा नाही, शाळेला सांगून ती बाजू बंद करून घ्यायची.

बूट वापरातलेच हवेत, नव्याकोऱ्या बुटांनी टाचेला फोड येतात. नाडीला दुहेरी गाठ. छातीवरच्या क्रमांकाला चारही कोपऱ्यांत सेफ्टी पिन लावा. दोनच लावल्या तर कागद फडफडतो आणि मूल धावताना तोच धरत बसतं. खाणं दीड-दोन तास आधी, केळं किंवा थोडे पोहे. सेव-उसळ दौड झाल्यावर.

फेऱ्या मोजायला आमच्याकडे पूर्वी हातावर स्केचपेनने रेघ मारत. घामाने ती पुसली जायची आणि मग टेबलाशी वाद. आता दर फेरीला मनगटात एक रबर बँड घालतात. तो सैल हवा, आणि मोजणी होईपर्यंत काढायचा नाही हे लहानांना दोनदा सांगावं लागतं.

शिट्टी वाजली की सगळी मुलं जीव खाऊन पळतात आणि दुसऱ्या फेरीत कुशीत कळ येते. तेव्हा थांबून बसू नये, चालत राहून खोल श्वास घ्यावा, कळ जाते. म्हणून मी सुरुवातीच्या रेषेपाशी उभी राहत नाही, पलीकडच्या वळणावर थांबते. मुलं तिथेच ढेपाळतात आणि ‘चाल थोडी, मग पळ’ एवढं एक वाक्य तिथेच कामी येतं. शेवटच्या रेषेवर मोबाइल घेऊन गर्दी करणारे पालक मात्र खरंच धोका करतात. मागून येणारं मूल पुढच्यावर आपटतं.

पैसे त्याच आठवड्यात गोळा करा, पुढे लोकांना आठवण करून देणं अवघड जातं. यूपीआयने द्यायचे तर ट्रस्टच्याच क्यूआरवर, आपल्या खात्यात नको. जुन्या करपद्धतीत सवलत हवी असणाऱ्यांना आधीच सांगावं की 2,000 रुपयांवरची रोख देणगी त्यात धरली जात नाही, आणि पावतीसाठी त्यांचा पॅन क्रमांक ट्रस्टला लागेल.