प्रत्येक बधिर पाय शुगरचा नसतो

इंदुरात कुणी पाय बधिर झाल्याचं म्हटलं की सल्ला ठरलेला: "शुगर बघून घ्या." सल्ला बरोबरच आहे, पण शुगर निघाली म्हणून तपास तिथेच थांबवला की सीआयडीपी (क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिन्यूरोपॅथी) निसटतो. या दुर्मिळ आजारात प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावरच उलटते. मग संदेश रेंगाळतो नाहीतर वाटेतच अडतो.

शुगरचा त्रास बोटांपासून वर सरकतो. जळजळ, मुंग्या जास्त, ताकद बरीच उशिरा जाते. सीआयडीपीत बहुधा ताकदच आधी जाते, तीही दोन्ही बाजूंची, आणि पावलांबरोबर मांड्या-खांद्यांचीही. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो. वरच्या फळीवरचा डबा काढायला हात पुरत नाही.

यात जाड तंतू जास्त सोलले जातात, म्हणून पाय कुठे आहे याचं भान सुटतं. सराफ्याच्या गर्दीत पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. पण मे महिन्यात तापलेल्या फरशीचा चटका मात्र बहुधा कळतो, कारण तो बारीक तंतूंतून जातो. बेसिनशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो. एरवी नजर सांभाळून घेत असते ना!

न्यूरोलॉजिस्टच्या हातोडीला गुडघा-घोटा उसळत नाही. पुढची तपासणी एनसीव्ही, म्हणजे मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणं. इथे एक गफलत होते: पाय गार असले तर वेग खोटाच कमी दिसतो. जानेवारीत गेलात तर आधी पाय शेकून घ्यायला सांगा. पाठीच्या पाण्यात प्रोटीन वाढलेलं आणि पेशी बहुधा 10 पेक्षा कमी. मात्र नुसत्या शुगरनेही हे प्रोटीन थोडं वाढतं, म्हणून एवढ्यावर निदान करू नये. बी-12 आणि सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातल्या प्रोटीनची तपासणी) हेही करून घ्यावं.

काळ महत्त्वाचा. गियाँ-बारे हा असाच, पण झपाट्याने वाढणारा मज्जातंतूंचा आजार 4 आठवड्यांत शिगेला पोहोचतो, सीआयडीपी 8 आठवड्यांनंतरही वाढतच राहतो. गियाँ-बारेचं निदान होऊन दोन महिन्यांनी पुन्हा घसरण सुरू झाली, तर निदान पुन्हा तपासावं.

सीआयडीपीवर एक उपचार आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून दिलेली अँटिबॉडी. तिचा पहिला डोस किलोमागे 2 ग्रॅम, 2 ते 5 दिवसांत विभागून. 60 किलोच्या माणसाला 120 ग्रॅम, म्हणजे 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या, खर्च मोठा. दुसरा उपचार स्टेरॉइड; ती स्वस्त, पण शुगर चढवतात. श्वास लागला किंवा घोट गिळेना झाला तर ओपीडीची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा.