आमची वाटचाल : मिरजेचा तानपुरा, शिकागोची थंडी

आमच्या दुकानाला पाटी नाही. शिकागोच्या उपनगरातल्या घराचं तळघर, बसायला पाट, तीन कानशी आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दोन उन्हाळे बसून हाताला लावून घेतलेलं जवारीचं काम (तार झणझणून बोलावी म्हणून घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासणं), एवढ्यावर १९९८ साली सुरुवात केली. भागीदार गिऱ्हाइकं आणायचा, मी वाद्यं दुरुस्त करायचो. पुढची वीस वर्षं बरी गेली.

सांगायचं आहे ते २०१९ च्या जानेवारीचं. शिसमाच्या जातीच्या लाकडांवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आले, तबल्याच्या खोडांना परवान्याचे कागद लागू लागले. वाद्यांना सूट मिळाली ती थेट २०१९ च्या नोव्हेंबरात. तोवर आम्ही तबले आणणं बंद केलं होतं. तानपुरा तुणाच्या लाकडाचा, त्याला ही कटकट नाही, म्हणून होती नव्हती ती शिल्लक घालून मिरजेहून आठ तानपुरे मागवले.

३० जानेवारीला पारा उणे तीस सेल्सिअसच्या खाली गेला. हीटर दिवसरात्र चालू. बाहेरची कोरडी हवा घरात तापली की तिच्यात ओलावा नावालाही उरत नाही. रात्री दोनच्या सुमारास तळघरातून अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. धावत गेलो. भोपळ्याला देठापासून वीतभर तडा गेलेला. सकाळपर्यंत तीन भोपळे तडकले आणि दोन तबल्या, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणाच्या फळ्या, सांध्यातून सुटल्या.

भागीदार महिन्याभरात वेगळा झाला आणि स्वतःचं ऑनलाइन दुकान काढलं. त्याचं मला काही नाही. पण आमच्याच गिऱ्हाइकांना फोन करून त्याने सांगितलं की मिरजेचा माल कच्चा असतो. हे आजही सलतं. माल पक्का होता. खोकी गरम हवेच्या झरोक्याखाली रचली होती ती त्यानेच.

गिऱ्हाइकं फिरकेनाशी झाली. आल्या त्या एकट्या काकू. पुण्यात गाणं शिकलेल्या, चाळीस वर्षं इथे शिकवणाऱ्या, स्वतः चिजा बांधणाऱ्या. म्हणाल्या, "तडकलेला आहे ना, तोच दे मला. मालकंसात चीज बांधतेय, बर्फावर. पावसाला आपल्याकडे ढीगभर मल्हार आहेत, इथल्या बर्फाचं कोण गाणार?"

तडा आतून कापडाची पट्टी आणि सरस लावून बुजवला. मालकंसात पंचम नाही, म्हणून पहिली तार मध्यमात उतरवावी लागते. तार सैल पडते, घोडीवर टेकायची जागा बदलते आणि पंचमात छान बोलणारी जवारी मुकी होते. मग घोडीचा माथा कानशीने केसभर घासायचा, तार चढवायची, सुती दोरा तिच्याखाली सरकवत न्यायचा, बोलली नाही तर उतरवून पुन्हा घासायचा. चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी मध्यम असा भरून आला की काकूंनी डोळे मिटून तिथेच षड्ज लावला.

मार्चमध्ये त्यांनी ती चीज मैफलीत गायली. मध्यंतरात लोक विचारत होते, तानपुरा कोणाचा? त्या आठवड्यात नऊ वाद्यं दुरुस्तीला आली. तिथून आम्ही सावरलो.

थंड मुलखात राहणाऱ्यांना सांगतो : वाद्याच्या खोलीत ओलावा मोजायचं यंत्र ठेवा, काटा चाळिसाच्या खाली जाऊ देऊ नका. विमानातून नेताना तारा उतरवा. आणि फोटो बघून तानपुरा घेऊ नका, जवारी फोटोत ऐकू येत नाही.

काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. परवा तोच तानपुरा घेऊन दोरा बदलायला आल्या. तडा कुठे होता ते मला बोट फिरवून शोधावं लागलं. शेजारी पाटावर भागीदाराच्या दुकानातून घेतलेले दोन तानपुरे पडले होते. दोन्हींची जवारी मुळापासून नव्याने काढावी लागणार आहे.